जुन्या लाकडाची पाठराखण
(प्रस्तावना)

लाकडी धनुष्य तुटते तेव्हा ते बहुधा पाठीकडून तुटते. धनुष्य ओढताना जी बाजू लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणतात आणि जी धनुर्धराकडे असते तिला पोट. ही नावे प्रथम उलटी वाटतात. पण माणूस ओणवा झाला की पोटाला घड्या पडतात आणि पाठ ताणली जाते, एवढे आठवले की गोंधळ राहत नाही. धनुष्याचेही तेच होते. पोटाकडचे तंतू दाबले जातात, पाठीकडचे ताणले जातात आणि दोहोंच्या मधल्या थराला यातले फारसे काही जाणवत नाही. दाबाने पोट थकले तर त्यावर बारीक सुरकुत्या उमटतात, धनुष्याला कायमचा थोडा बाक येतो, तरी ते बहुधा हातात शाबूत राहते. पाठीवरचा एक तंतू उचकटला तर मात्र तडा आत शिरतो आणि क्षणात दोन तुकडे होतात. म्हणून जगात ठिकठिकाणच्या कारागिरांनी पाठीवर दुसऱ्या एखाद्या चिवट वस्तूचा पातळ थर चिकटवण्याची युक्ती काढली. त्या थराला या पुस्तकात ‘पाठपट्टी’ म्हटले आहे. तिचे काम पाठराखणीचे आहे आणि त्या कामाला साजेसा शब्द आपल्या भाषेत आधीपासूनच होता.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय याहूनही नेमका आहे. ही पट्टी नवी फळी विकत न आणता, वापरून झालेल्या लाकडातून कशी मिळवावी, हे येथे सांगितले आहे. पाडलेल्या घराची लाकडी जमीन, मोडक्या कुऱ्हाडीचा दांडा, माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली लाकडी स्की, जुने वल्हे, निकामी शिडी अशा वस्तू या पुस्तकात वारंवार भेटतील. एवढ्याशा पट्टीसाठी एवढा ऊहापोह कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पहिल्याच पानांत मिळायला हवे.

पाठपट्टीचा इतिहास बऱ्याच अंशी चांगल्या लाकडाच्या टंचाईचा इतिहास आहे. इंग्लंडच्या प्रसिद्ध लांब धनुष्याला यू या वृक्षाचे लाकूड लागे. त्याचा सालीलगतचा फिकट थर ताण उत्तम सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणजे या झाडाला निसर्गानेच पाठपट्टी देऊन ठेवली आहे. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आले. त्याच्या अवशेषांत अशी शंभराहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. पण यूचे सरळ, बिनगाठीचे ओंडके इंग्लंडमध्ये पुरेसे मिळत नव्हते. १४७२ च्या एका कायद्याने परदेशातून माल घेऊन येणाऱ्या जहाजांना प्रत्येक टन मालामागे धनुष्याच्या चार दांड्या आणणे बंधनकारक केले होते. पुढे युद्धातून धनुष्य गेले आणि खेळात राहिले, तेव्हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज कारागीर लान्सवुडसारख्या कठीण परदेशी लाकडाच्या पोटावर हिकरी किंवा अ‍ॅश या झाडांच्या लाकडाची पाठ चिकटवू लागले. एकाच झाडात मिळणारे दोन गुण त्यांनी दोन झाडांतून एकत्र आणले.

ही बुद्धी एकट्या इंग्रजांची नव्हती. उत्तर युरोपातील सामी लोकांना यू मिळणे शक्यच नव्हते. त्यांनी कललेल्या पाइन वृक्षाच्या खालच्या बाजूचे घट्ट, दाब सोसणारे लाकूड पोटाला घेतले, त्यावर बर्चची पाठ माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसाने चिकटवली आणि वरून बर्चचीच साल गुंडाळली. अमेरिकेत ‘याही’ नावाच्या समाजातील इशी १९११ साली कॅलिफोर्नियात बाहेरच्या जगासमोर आला. त्याच्या धनुष्याच्या पाठीवर जनावराच्या स्नायुरज्जूंच्या तंतूंचा थर असे. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि अमेरिकेत हाताने धनुष्य करण्याची आवड रुजायला त्या पुस्तकाने मोठी मदत केली. त्यानंतर हिकमन, नॅग्लर आणि क्लोपस्टेग या तीन अभ्यासकांनी धनुष्याकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहिले. त्यांचे लेख १९४७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. १९९२ पासून निघालेल्या ‘द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल’ या चार खंडांच्या मालेने तर लाकडाच्या वखारीतल्या साध्या फळीचेही उत्तम धनुष्य होते, हे असंख्य हौशी कारागिरांना पटवून दिले. जुन्या लाकडाकडे वळणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

आपल्याकडची परंपराही येथे आठवायला हवी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार वस्तूंच्या धनुष्यांची नोंद आहे; प्रत्यंचेसाठी इतर तंतूंबरोबर बांबू आणि स्नायुरज्जूही सांगितले आहेत. सातपुड्यातील भिल्लांच्या धनुष्याची दोरी आजही बांबूच्या कामटीची असू शकते. बांबूच्या बाहेरच्या सालीलगत तंतू दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ. म्हणूनच जगभरचे कारागीर पाठपट्टीसाठी बांबूला मानतात. त्याची पट्टी आतून तासतात, बाहेरच्या अंगाला धक्का लावत नाहीत. दुसरे नाव धामणीचे. हे लाकूड लवचीकपणासाठी प्रसिद्ध आहे. दांडे आणि कावडी यांसाठी ते वापरात आले. संस्कृतात या झाडाला ‘धन्वन’ म्हणतात, आणि ‘धन्वन्’ म्हणजे धनुष्य. ज्या झाडाच्या नावातच धनुष्य आहे, त्याची जुनी कावड सरपणात टाकण्याआधी मराठी वाचकांनी एकदा निरखून पाहावी, एवढीच विनंती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जुने लाकूड पाठपट्टीलाच का शोभते? अखंड लाकडाचे धनुष्य करायचे तर माणसाच्या उंचीएवढा, सरळ, बिनगाठीचा ओंडका लागतो. तो फाडून, सावलीत ठेवून वाळवावा लागतो. असा ओंडका नशिबाने मिळतो. पाठपट्टीला मात्र सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे आणि चार-साडेचार सेंटिमीटर रुंदीचे निर्दोष लाकूड पुरते. मोठ्या तुळईत खिळे, भोके आणि भेगा असतील, पण त्यांच्या मधे एवढी चांगली जागा दडलेली असण्याची शक्यता पुष्कळ असते. ती ओळखून नेमकी तेवढीच बाहेर काढणे, हे या कलेचे मर्म आहे.

या पातळ पट्टीवर किती भार असतो, ते एका साध्या हिशोबाने कळेल. धनुष्याचे पाते १५ मिलिमीटर जाड आहे आणि त्याच्या पाठीवर ३ मिलिमीटरची पट्टी आहे असे धरा. दोन्ही लाकडे सारखीच ताठ मानली, तर जाडीचा पाचवा हिस्सा असलेली ही पट्टी वाकण्याला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सुमारे ३९ टक्के विरोध एकटी करते. कारण पृष्ठभागाजवळ ताण सर्वाधिक असतो आणि मध्याकडे येता येता तो शून्य होतो. म्हणून पोटाच्या लाकडात एखादी लहान उणीव खपून जाते, पाठपट्टीत खपत नाही. धनुष्यातला सर्वांत लहान भाग सर्वांत जबाबदारीचा ठरतो, आणि त्याची निवड घाईने करून चालत नाही.

निवडीची कसोटी एकच आहे: तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड धावले पाहिजेत. करवतीने कापलेल्या फळीत तंतू तिरके निघून कडेला संपत असतील, तर ताण पडताच नेमक्या त्या ठिकाणी पापुद्रा उचकटतो. यासाठी फळीचा वरचा चेहरा आणि बाजूची कड, दोन्ही पाहावे लागतात. एकच बाजू पाहून समाधान मानणारा फसतो. हिकरी, ओक, अ‍ॅश यांच्या रेघा डोळ्यांना दिसतात. मेपलसारख्या लाकडात त्या दिसत नाहीत, आणि तेथे एक सुंदर युक्ती उपयोगी पडते. अमेरिकेत बेसबॉलच्या मेपलच्या बॅटी खेळताना फुटून धोका होऊ लागला, तेव्हा २००८ मध्ये त्याचा अभ्यास झाला आणि २००९ पासून मेजर लीगच्या अशा बॅटींच्या मुठीवर शाईचा ठिपका देण्याची पद्धत आली. शाई तंतूंच्या दिशेने झिरपते, त्यामुळे तंतू किती तिरके आहेत ते लगेच कळते. तीन अंशांपर्यंतचा तिरकेपणा चालतो. तीन अंश म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटरचा कल. नवशिक्याने पाठपट्टीलाही हेच माप लावावे, आणि जमेल तेथे याहून कडक राहावे.

जुन्या लाकडाविषयी दोन समजुती सुरुवातीलाच तपासून घ्यायला हव्यात. पहिली अशी की जुने ते आपोआप चांगले. लाकूड वर्षानुवर्षे कोरडे राहिले असेल तर ते मुरलेले असते आणि पुन्हा पिळण्याची शक्यता कमी असते, हे खरे. पण ओलीत राहून त्याला बुरशी लागली असेल, तर वरून धडधाकट दिसणारी फळीही आतून ठिसूळ झालेली असते. तिची परीक्षा सोपी आहे. कडेची एक बारीक काडी कापून ती मोडेपर्यंत वाकवा. चांगले लाकूड लांब लांब कुसळे काढत, कुरकुरत मोडते. खराब लाकूड गाजरासारखे कट्‌कन तुटते. दुसरी समजूत अशी की वर्षवलये जितकी दाट तितके लाकूड बळकट. यूसारख्या सूचिपर्णी झाडांत ते बरेचसे खरे आहे. हिकरी, अ‍ॅश, ओक यांच्यात मात्र जोमाने वाढलेल्या, रुंद वलयांच्या झाडाचे लाकूड बहुधा अधिक भरीव असते, कारण त्यात पोकळ वाहिन्यांच्या मानाने उत्तरार्धातले घट्ट लाकूड जास्त असते. म्हणून दाट वलयांची फळी पाहून लगेच हुरळून जाऊ नये.

अमेरिकेतील कारागिरांच्या अनुभवात हिकरीचे स्थान वेगळे आहे. अक्रोडाच्या कुळातले हे झाड ताण सोसण्यात फार थोड्यांना हार जाते. तिथल्या कुऱ्हाडींचे आणि हातोड्यांचे लाकडी दांडे बहुधा हिकरीचे असतात आणि एके काळी स्कीही हिकरीच्या होत. जुनी स्की हाती लागली तर पाठपट्टीसाठी ती जणू तयारच असते. तिची लांबी पुरेशी असते, पुढचे वर वळलेले टोक कापून टाकता येते, आणि बूट बांधण्याच्या साधनाचे स्क्रू साधारण मध्याजवळ असल्यामुळे त्यांची भोके धनुष्याच्या मुठीखाली आणता येतात, जिथे लाकूड वाकतच नाही. लाकडी जमिनीच्या पट्ट्यांचेही तसेच. तिथली रूढ पट्टी सुमारे १९ मिलिमीटर जाड आणि ५७ मिलिमीटर रुंद असते. तिची खाच आणि जीभ काढून टाकली तरी धनुष्याला पुरेल एवढी रुंदी उरते आणि उभ्या कापाने दोन पाठपट्ट्या निघतात. खिळे जिभेजवळून तिरके मारलेले असतात, तेवढी कड मात्र सोडावी लागते. अशा पट्ट्या आखूड असल्या तरी हरकत नाही. २८ इंच ओढीचे धनुष्य साधारण ६६ इंचांचे होते. ३३ इंचांहून थोडे लांब असे दोन जुळे तुकडे मुठीखाली एकमेकांत सांधले की काम भागते.

जुने लाकूड हाती घेताना काही पथ्ये पाळावीच लागतात, आणि ती सांगितल्याशिवाय वाचकाला पुढे पाठवणे बरे नव्हे. लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा. एक खिळा करवतीचे पाते आणि कापणाऱ्याचा डोळा दोन्ही घालवू शकतो. ओकसारख्या लाकडावर लोखंडाभोवती काळे डाग पडतात, तीही एक खूणच आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो घासून धूळ उडवू नका. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर शिक्का पाहा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले, ते वापरता येते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेले, ते दूर ठेवा. हिरवट छटेचे, रसायन मुरवलेले बाहेरच्या बांधकामातले लाकूडही घेऊ नका. त्यात आर्सेनिक असू शकते.

पट्टी निवडली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम जोडीदार शोधण्याचे. पाठ आणि पोट यांचे बळ जुळले पाहिजे. हिकरीची चिवट पाठ एखाद्या नरम पोटावर चिकटवली तर पाठीला काही होत नाही, पोट मात्र दबून सुरकुतते आणि धनुष्य मंद होते. त्यावर उपाय म्हणजे पाठीकडची रुंदी कमी करून कड आतल्या बाजूला उतरती करणे, म्हणजे पाठीचा जोर ओसरतो आणि पोटाला त्याचा वाटा पेलता येतो. याउलट इपेसारखे दक्षिण अमेरिकेतले अतिशय घट्ट लाकूड पोटाला असेल तर बांबूची पाठ त्याला छान शोभते. घराबाहेरच्या लाकडी ओट्यांसाठी वापरलेल्या इपेचे उरलेले तुकडे हे अनेक अमेरिकन कारागिरांचे आवडते धन आहे. चिकटवण्यापूर्वी जुन्या लाकडाचा पृष्ठभाग त्याच दिवशी रंध्याने ताजा करावा. वर्षानुवर्षांची धूळ, मेण आणि हवेने बदललेला थर यांच्यावर कोणताही सरस नीट धरत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक सूचना अगत्याची आहे. हिकरी कोरड्या हवेतच खुलते. ओलावा शोषला की ती सुस्त होते आणि धनुष्याला बाक येतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात चिकटवण्याचे काम टाळावे. थंडीच्या कोरड्या दिवसांत ते करावे आणि तयार धनुष्य दोरी उतरवून आडवे, कोरड्या जागी ठेवावे. आपल्या हवेची सवय असलेला बांबू नवशिक्याला येथे अधिक सांभाळून घेईल.

या पुस्तकाचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिल्या प्रकरणांत लाकूड वाचायला शिकवले आहे, मधल्या प्रकरणांत कापणे, सांधणे आणि चिकटवणे, आणि शेवटी दोन्ही बाहूंचा वाक सारखा साधण्याचे धिम्या गतीचे काम. वाचकांनी हा क्रम शक्यतो मोडू नये. वाक साधताना धनुष्य एकदम पूर्ण ओढू नका. इंचाइंचाने पुढे जा, पाते जिथे ताठ वाटेल तिथेच खरवडा आणि पहिल्यांदा ओढताना समोर कोणालाही उभे राहू देऊ नका. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. पहिले धनुष्य तुटले तर त्याचे तुकडे जपून ठेवा. तडा कुठे सुरू झाला, तंतू कुठे तिरके होते, हे त्या तुकड्यांइतके स्पष्ट कोणतेही प्रकरण सांगू शकणार नाही.

मला या विषयाचा अभिमान वाटतो, तो यासाठी. लाकडाची किंमत त्याच्या जातीवरून किंवा दुकानातल्या भावावरून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. पाठपट्टी शोधणारा माणूस मात्र त्याच्या आतले तंतू किती दूरपर्यंत अखंड गेले आहेत, हे पाहतो. एकदा ही नजर आली की जुन्या वाड्याची चौकट, मोडकी खुर्ची, अंगणातला दांडा यांच्याकडे पाहण्याची रीतच बदलते. ज्या झाडाने पन्नास वर्षे कोणाची तरी जमीन होऊन भार सोसला, त्याचा एक पातळ थर आणखी काही वर्षे बाणाला वेग देऊ शकतो, आणि त्यासाठी दुसरे झाड तोडावे लागत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढचे पान उलटण्याआधी घरातला एखादा निरुपयोगी दांडा किंवा फळीचा तुकडा शोधा. त्याची एक बाजू रंध्याने साफ करा, तिच्यावर शाईचा एक थेंब टाका आणि शाई कोणत्या दिशेला पसरते ते पाहा. पहिले प्रकरण तो तुकडा शेजारी ठेवूनच वाचावे.